एकाच जंतूचे दोन रिपोर्ट आणि कफाच्या रिपोर्टमधून गायब झालेलं औषध

कोलशेतकर

मंडळी, धागा आरोग्य विभागात काढतोय, पण सल्ला मागायला नाही. पेशंट घरी आलाय, बरा आहे, शेजाऱ्यांशी पार्किंगवरून वाद घालतोय. माझ्या डोक्यात एक किडा वळवळतोय, तो बाहेर काढायचाय.

माझे काका डायलिसिसवर असतात. मध्यंतरी मानेतल्या कॅथेटरमधून इन्फेक्शन शिरलं, हुडहुडी भरून ताप आला, ठाण्यातल्याच एका हॉस्पिटलात अ‍ॅडमिट केलं. रक्ताच्या कल्चरमध्ये एमआरएसए (बऱ्याच अँटिबायोटिक्सना न जुमानणारा स्टॅफ जंतू) निघाला. छातीच्या सीटीत दोन्ही फुप्फुसांत ठिकठिकाणी गोल डाग दिसले, म्हणून कफही तपासायला पाठवला. त्यातही तोच जंतू. लॅब एक, जंतू एक. रक्ताच्या रिपोर्टवर ‘डॅप्टोमायसिन : एस’ (म्हणजे लागू; लागू नसेल तर ‘आर’) असं छापलेलं. कफाच्या रिपोर्टवर व्हँकोमायसिन आहे, लिनेझोलिड आहे, पण डॅप्टोमायसिनची ओळच नाही. एस नाही, आर नाही, काहीच नाही.

डॉक्टरांनी डॅप्टोमायसिनच दिलं आणि काका उठून बसले. नंतर मी नेटवर वाचत बसलो तर कळलं की हे औषध न्यूमोनियात चालत नाही, फुप्फुसातलं सर्फॅक्टंट त्याला निकामी करतं. मग फुप्फुसात डाग दिसत असताना दिलं कसं? दिलं तर लागू कसं पडलं? आणि लॅबनं ती ओळ खाल्ली का? चुलतभाऊ लॅबवर भांडायला निघाला होता, त्याला कसंबसं थोपवून धरलंय.

मी बँकेतला माणूस. बारावीनंतर केमिस्ट्रीशी बोलणं बंद आहे. त्या बेतानं समजावून सांगा.

नेरूळची_माया

भावाला थोपवलंत ते बरं केलंत. मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्येच काम करते (तुमच्या नव्हे).

ती ओळ खाल्लेली नाही, मुद्दाम दाबलेली आहे. मशीनवर टेस्ट दोन्ही नमुन्यांची होते, आकडाही येतो. पण नमुना खालच्या श्वसनमार्गातला असेल, म्हणजे कफ, ट्रॅकिअल अ‍ॅस्पिरेट, बीएएल (फुप्फुस धुऊन घेतलेला नमुना) असं काही, तर डॅप्टोमायसिन रिपोर्ट करायचं नाही असा सीएलएसआयचा, म्हणजे लॅबचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचा, स्पष्ट नियम आहे. जगभरातल्या बऱ्याच लॅब, आमच्यासारख्या इथल्याही, त्यांचे तक्ते पाळतात. कुठे सॉफ्टवेअर आपोआप ओळ झाकतं, कुठे सही करणारे डॉक्टर हाताने काढतात.

कारण असं, की आमच्या टेस्टमध्ये जंतू वाढतो तो साध्या पोषक द्रावणात. त्यात कॅल्शियम लिटरला ५० मिलिग्रॅम असेल याची काळजी घेतो, कारण कॅल्शियमशिवाय हे औषध काम करत नाही. (म्हणूनच या औषधासाठी साधी डिस्क लावून चालत नाही.) एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण) १ किंवा त्याखाली आली की स्टॅफसाठी ‘एस’. पण त्या द्रावणात फुप्फुस नसतं. सर्फॅक्टंट नसतं. तिथला ‘एस’ कफाच्या रिपोर्टवर छापला तर वाचणारा गाफील राहून तेच औषध न्यूमोनियाला लिहील.

घोडबंदर_लोकल

म्हणजे लॅबला माहीत असतं आणि तरी सांगत नाही. वा! आमच्या सोसायटीच्या कमिटीसारखंच चाललंय.

नेरूळची_माया

@घोडबंदर_लोकल 😀 खाली एक ओळीची टीप टाकायला हवी, याबाबत मी तुमच्या बाजूची आहे. काही लॅब टाकतात. बऱ्याच टाकत नाहीत आणि मग असे धागे निघतात.

छातीठोक

चेस्ट फिजिशियन आहे, ठाण्यातच. कोलशेतकर, तुमच्या काकांच्या केसबद्दल काही बोलणार नाही, कागद पाहिलेले नाहीत. पण प्रश्न झकास आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी सर्फॅक्टंट. फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश आहेत आणि त्यांना आतून पाण्याचा पातळ थर असतो. नुसतं पाणी असतं तर श्वास सोडताना पृष्ठताणामुळे छोटे कोश मिटून गेले असते. ते मिटू नयेत म्हणून टाइप २ नावाच्या पेशी एक स्निग्ध द्रव्य सोडतात, तेच हे. सुमारे ९० टक्के स्निग्ध पदार्थ, १० टक्के प्रथिनं. स्निग्ध भागात सगळ्यात जास्त असतं फॉस्फॅटिडिलकोलीन. त्याच्या खालोखाल, दहा टक्क्यांच्या आसपास, फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल. या दुसऱ्याला आपण पीजी म्हणू. सगळी गोष्ट त्याच्याभोवती आहे.

आता डॅप्टोमायसिन. तेरा अमिनो आम्लांची साखळी, त्यातल्या दहांचं कडं झालेलं, आणि एका टोकाला दहा कार्बनची चरबीची शेपटी. म्हणून लिपोपेप्टाइड. कॅल्शियम चिकटलं की रेणू आकार बदलतो, शेपटी जंतूच्या पटलात (पेशीच्या पातळ आवरणात) खुपसतो, तिथे असे अनेक रेणू एकत्र जमतात, पटल बिघडतं, भित्तिका बांधायचं काम कोलमडतं आणि जंतू मरतो. पण शेपटी खुपसायला त्याला पटलात पीजी लागतं. स्टॅफच्या पटलात ते मुबलक असतं. माणसाच्या पेशींच्या पटलात ते जवळपास नसतंच, म्हणून औषध जंतूला मारतं आणि आपल्याला फारसं छेडत नाही. औषधाची सगळी निवडक्षमता या फरकावर उभी आहे.

आणि माणसाच्या शरीरात पीजी भरपूर असलेली जी एक ठळक जागा आहे, ती नेमकी वायुकोशात. औषध तिथे पोचलं की जंतूपर्यंत जायच्या आधीच सर्फॅक्टंटच्या पीजीत शेपटी रोवून बसतं. ते मोडत नाही, नष्ट होत नाही, फक्त मोकळं उरत नाही. २००५ साली हे प्रयोगशाळेत नीट दाखवलं गेलं. नवजात बाळांना देतात ते गाईच्या फुप्फुसापासून बनवलेलं सर्फॅक्टंट जंतूंच्या द्रावणात थोडंसं मिसळलं, तर डॅप्टोमायसिनचा जोर पार ओसरला.

कोलशेतकर

डॉक्टर, दंडवत. मला कळलं ते असं: शाळा सुटल्यावर नातवाला घ्यायला आलेली आजी गेटवर उभी आहे, तिला फक्त गणवेशाचा रंग माहीत आहे, आणि सगळी शाळा त्याच गणवेशात बाहेर पडली. हाताला लागेल ते पोर धरून ती घरी.

शंकासुर

आजी घरी गेल्यावर तोंड बघून पोर परत आणून सोडेल हो. हे औषध सोडत नाही असं डॉक्टर म्हणतायत.

बरं, माझी शंका. न्यूमोनियाच्या ट्रायलमध्ये डॅप्टोमायसिन हरलं हे खरं, पण तिथे डोस किती होता? किलोला ४ मिलिग्रॅम. आज रक्तातल्या इन्फेक्शनला ६ देतात, कित्येक जण ८ ते १० देतात. कमी डोसनं हरलेल्या औषधाचं खापर सर्फॅक्टंटवर फोडायचं, हे जरा सोयीचं नाही का?

छातीठोक

@शंकासुर, रास्त शंका. डोस ४ च होता, समोर सेफ्ट्रायॅक्सोन रोज २ ग्रॅम. निकाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. मूल्यमापन करता आलेल्या रुग्णांत डॅप्टोमायसिनने ७९.४ टक्के बरे झाले, सेफ्ट्रायॅक्सोनने ८७.९. पण आतला तक्ता यापेक्षा बोलका आहे. ट्रायलमध्ये येण्याआधी ज्यांना दुसरं एखादं लागू पडणारं अँटिबायोटिक मिळालं होतं, त्यांच्यात डॅप्टोमायसिन ९०.७ आणि सेफ्ट्रायॅक्सोन ८८.० टक्के, म्हणजे बरोबरीच. ज्यांना आधी काहीच मिळालं नव्हतं त्यांच्यात ७५.४ विरुद्ध ८७.८. आधी कुणीतरी दिलेला एखादा डोस डॅप्टोमायसिनची अब्रू राखत होता! न्यूमोनियात अशा एका डोसचाही किती उपयोग होतो हे यातून दिसतंच, शिवाय ट्रायलमध्ये कुणाला घ्यायचं याचे नियम किती जपून ठरवायला हवेत तेही. उपगटांचे आकडे जपून वाचायचे असतात, मान्य.

आता डोसचं. फक्त डोस कमी म्हणून हरलं असतं तर ते सगळीकडे हरायला हवं होतं. उंदरांवरच्या प्रयोगात श्वासमार्गातून न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू) देऊन न्यूमोनिया केला, तिथे डॅप्टोमायसिन अपयशी ठरलं. तोच जंतू काचेच्या नळीत या औषधाने सहज मरतो. आणि रक्तातून फुप्फुसात गेलेल्या स्टॅफच्या न्यूमोनियात मात्र औषध चाललं. फुप्फुस तेच, औषध तेच, वाट वेगळी.

कोलशेतकर, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथे आहे. सर्फॅक्टंट असतं वायुकोशाच्या आतल्या, हवेच्या बाजूला. कॅथेटरवरून किंवा हृदयाच्या उजव्या झडपेवरून सुटलेली जंतूंची गुठळी फुप्फुसात येते ती रक्तवाहिनीतून, आणि अडकते ती ऊतीत. औषधही त्याच वाहिनीतून येतं. दोघांची गाठ सर्फॅक्टंटच्या अलीकडे पडते. याला सेप्टिक एम्बोलाय म्हणतात आणि सीटीवर बहुतेक वेळा विखुरलेले गोल डाग दिसतात. २००६ मध्ये अमेरिकेत स्टॅफच्या रक्तातल्या इन्फेक्शनसाठी आणि हृदयाच्या उजव्या बाजूच्या एन्डोकार्डायटिससाठी (झडपांच्या इन्फेक्शनसाठी) या औषधाला मान्यता मिळाली. त्या उजव्या बाजूच्या रुग्णांत फुप्फुसात गुठळ्या गेलेले नेहमीच असतात.

तेव्हा ‘फुप्फुसात चालत नाही’ हे वाक्य अर्धंच आहे. श्वासमार्गातून सुरू झालेल्या न्यूमोनियात चालत नाही, असं म्हणा. रेसिडेंट मुलंही पहिलं अर्धं वाक्य पाठ करून येतात आणि राउंडला माझ्याशी वाद घालतात.

महापे_फर्मेंटर

ट्रान्सहार्बरच्या गर्दीत उभं राहून वाचतोय, टायपो समजून घ्या.

मी टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीत फर्मेंटेशनला आहे. आमच्याकडे हे औषध बनत नाही, पण जुन्या नोकरीत याच्या जवळपास होतो, म्हणून शेपटीबद्दल थोडं. औषध बनवणारा जीव म्हणजे स्ट्रेप्टोमायसिस रोझिओस्पोरस, तुर्कस्तानातल्या अरारात पर्वतावरच्या मातीतून आलेला. एलाय लिली कंपनीने त्यावर काम केलं. मोकळं सोडलं तर हा जीव वेगवेगळ्या लांबीच्या शेपट्यांचं मिश्रण बनवतो. लांब शेपटीवाली जात जंतूंवर जोरदार, पण प्राण्यांवर विषारी ठरली. दहा कार्बनवर तोल साधला. आता ती दहाचीच यावी म्हणून टाकीत डेकॅनोइक आम्ल सोडतात. ते थेंबाथेंबाने सोडावं लागतं, एकदम सोडलं तर कल्चरच मरतं. शिवाय त्याला बोकडाचा वास येतो. शिफ्ट संपवून घरी गेलं की बायको दारातच विचारायची, कुठे होतास!

लिलीने पुढे हे औषध बासनात गुंडाळलं, कारण दिवसातून दोनदा दिलं की स्नायूंना त्रास व्हायचा. क्युबिस्ट नावाच्या छोट्या कंपनीने १९९७ मध्ये हक्क घेतले आणि दिवसातून एकदाच द्यायची पद्धत बसवली. एकूण औषध तेवढंच, त्रास कमी. २००३ मध्ये त्वचेच्या इन्फेक्शनसाठी मान्यता मिळाली.

म्हणजे जी शेपटी औषधाचं हत्यार, तीच फुप्फुसात पाय अडकवते. कापता येत नाही, कापली तर औषधच उरत नाही.

बेलापूरच्या_सिस्टर

निवृत्त परिचारिका, नवजात विभागात बरीच वर्षं काढली. डॉक्टरांनी पीजी म्हटलं आणि जुनी आठवण चाळवली. पूर्वी वेळेआधी प्रसूती होणार असं दिसलं की गर्भजल काढून बाळाची फुप्फुसं तयार आहेत का ते बघायचे. लेसिथिन आणि स्फिंगोमायलिन या दोन स्निग्ध द्रव्यांचं प्रमाण बघत, आणि त्यात पीजी सापडलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा, कारण ते साधारण पस्तिसाव्या आठवड्यानंतर दिसू लागतं. आमच्यासाठी पीजी म्हणजे शुभशकुन! तेच पुढे औषधाच्या वाटेत आडवं येतं हे आज कळलं.

१९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी अशा बाळांच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट कमी असतं हे दाखवलं, आणि १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी बाहेरून सर्फॅक्टंट देऊन बाळं सुधारल्याचं प्रसिद्ध केलं. मधल्या काळात किती गेली असतील. १९६३ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्ष केनेडींचं बाळसुद्धा याच आजाराने गेलं.

शंकासुर

सिस्टर, सलाम. पण आता माझं डोकं चाललंय. दोन प्रश्न.

१. रक्तातून जाऊन अडकतं तर नेब्युलायझरने थेट आत का नाही सोडत?
२. पीजी नसलेल्या फुप्फुसात हे औषध चालायला हवं. कोविडमध्ये एआरडीएस (फुप्फुसं अचानक निकामी होण्याचा गंभीर प्रकार) हा शब्द घरोघरी झाला. त्यात सर्फॅक्टंट बिघडतं असं तेव्हा ऐकलं होतं. मग तिथे?

छातीठोक

१. थेट आत म्हणजे थेट सर्फॅक्टंटच्या अंगावर. रक्तातून आलेल्या औषधाला निदान ऊतीत तरी जंतू भेटू शकतो, नेब्युलायझरने दिलेल्याला पहिली भेट पीजीचीच. डोस वाढवत नेण्यालाही मर्यादा आहे. सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य) वाढतो, स्नायू दुखतात, म्हणून हे औषध चालू असताना दर आठवड्याला सीपीके बघतो आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) थांबवण्याचा विचार करतो.

२. हा प्रश्न आवडला. एआरडीएसमध्ये सर्फॅक्टंटमधलं पीजी खरोखर कमी होतं. पण त्यावर विसंबून औषध देणं म्हणजे जुगार. रोगग्रस्त फुप्फुस एकसारखं नसतं, एक भाग पांढरा पडलेला आणि शेजारचा भाग धडधाकट. जंतू कुठल्या भागात बसलाय आणि तिथे पीजी किती उरलंय हे बेडसाइडला कुणी मोजत नाही. शिवाय पेशंट सुधारू लागला की सर्फॅक्टंट परत बनू लागणार, म्हणजे बरं होण्याच्या दिवसांत औषध दुबळं. व्हँकोमायसिन आणि लिनेझोलिड हाताशी असताना असा खेळ का करायचा?

आणि एक, जे फारसं बोललं जात नाही. डॅप्टोमायसिन चालू असताना क्वचित इओसिनोफिलिक न्यूमोनिया (इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी फुप्फुसात साचून होणारा) होतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१० मध्ये त्याबद्दल इशारा दिला. औषध सर्फॅक्टंटमध्ये साचून राहतं म्हणून असं होत असावं, असा एक कयास आहे. सिद्ध नाही, पण पटण्यासारखा आहे. त्यामुळे हे औषध घेणाऱ्याला नवा ताप, खोकला, धाप लागली तर ‘इन्फेक्शन वाढलं’ एवढंच धरून बसू नये. औषध थांबवल्यावर बहुतेक जण सुधारतात.

घोडबंदर_लोकल

म्हणजे आपणच बनवलेला साबण आपल्याच औषधाला खातो. या सर्फॅक्टंटचा नुसता अडथळाच आहे की काही कामही आहे?

नेरूळची_माया

अहो, ते नसतं तर तुम्ही हा प्रतिसाद लिहायला उरला नसता! शिवाय ते नुसतं पाण्याचा ताण कमी करत नाही. त्यातली एसपी-ए आणि एसपी-डी ही प्रथिनं जंतूंना चिकटतात आणि भक्षक पेशींच्या हवाली करतात. फुप्फुसाचा स्वतःचा पहारा आहे तो.

कोलशेतकर

आता शेवटचं, आणि हे काकांबद्दल नाही. नेटवर शोधताना दिसलं की कोलिस्टिन आणि पॉलिमिक्सिन बी हीसुद्धा लिपोपेप्टाइड औषधं आहेत. आमच्या मजल्यावरच्या वहिनींच्या वडिलांना आयसीयूत व्हेंटिलेटरवर असताना कोलिस्टिन नेब्युलायझरने दिलं होतं. मग ती पण सर्फॅक्टंटमध्ये अडकत नाहीत का? वहिनींना हा धागा पाठवला तर त्या झोपणार नाहीत.

छातीठोक

कृपया धागा न वाचता पाठवू नका, ही कळकळीची विनंती. 🙏

नाव एकाच वर्गाचं, पण पकड वेगळी. पॉलिमिक्सिनं ग्रॅम निगेटिव्ह जंतूंवर वापरतात, आपल्याकडे मुख्यतः कार्बापेनेमसारख्या जोरदार अँटिबायोटिकलाही न जुमानणाऱ्या क्लेब्सिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टरवर. त्यांची पहिली पकड बसते जंतूच्या बाहेरच्या पटलातल्या लिपिड ए वर, आणि ते सर्फॅक्टंटमध्ये नसतं. पॉलिमिक्सिनावर धन विद्युतभार आणि पीजीवर ऋण, त्यामुळे थोडीफार जवळीक होऊ शकते हे खरं. पण नवजात सशांमध्ये पॉलिमिक्सिन बी चक्क सर्फॅक्टंटमध्येच मिसळून श्वासनलिकेत दिलं, तेव्हा ई. कोलायची वाढ रोखली गेली. डॅप्टोमायसिनबाबत असं काही करायचा विचारही कुणी करणार नाही. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना तर कोलिस्टिन नेब्युलायझरने वर्षानुवर्षं दिलं जातंय.

महापे_फर्मेंटर

टायकोप्लॅनिनलाही चरबीची शेपटी असते ना? ते तर इथे सर्रास देतात.

छातीठोक

असते, पण ते लायपोग्लायकोपेप्टाइड. शेपटी त्याला नुसती टेकायला मदत करते, मारायचं काम भित्तिकेच्या कच्च्या मालाला, डी-अलानिन डी-अलानिनच्या टोकाला, धरून होतं. त्याच कुळातल्या टेलाव्हॅन्सिनला तर २०१३ मध्ये अमेरिकेत हॉस्पिटलात होणाऱ्या स्टॅफच्या न्यूमोनियासाठी मान्यता मिळाली, ठरावीक अटींसह. सर्फॅक्टंटने त्याचा जोर कमी होत नाही हे आधीच तपासलेलं होतं. डॅप्टोमायसिनच्या अनुभवानंतर फुप्फुसासाठीच्या नव्या औषधाची सर्फॅक्टंटसमोर परीक्षा घेणं अगदी सुरुवातीलाच होऊ लागलंय.

म्हणून शेपटी दिसली की घाबरायचं नाही. औषध मारताना नक्की काय धरतं ते बघायचं.

कोलशेतकर

वहिनींना फक्त हा शेवटचा प्रतिसाद कॉपी करून पाठवलाय. चुलतभावाला मायाताईंचा पहिला. तो म्हणतोय, ‘मग टीप का नाही टाकली?’, आणि निघालाय लॅबकडे.

नेरूळची_माया

जाऊ दे त्याला. टीपेसाठी भांडत असेल तर मीही येते.